तीन फूट दहा इंच

३ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना नव्या वर्षाच्या तीन डायऱ्या भेट आल्या होत्या. एक त्यांनी टेबलावर ठेवली, एक घरी नेली आणि तिसरी, जिच्या पुठ्ठ्यावर चहाचा डाग पडला होता, ती मला दिली. एकतीस वर्षांच्या नोकरीत साहेबाने आपणहून दिलेली ही पहिलीच वस्तू. वाया घालवायची नाही असं ठरवलं, पण लिहायचं काय, यात एक महिना गेला.

आज विषय मिळाला. दफनभूमी भरली. आठवड्याला दहा-बारा जण येतात आणि द्यायला जागा नाही. वरून हुकूम आलाय, की मुदत संपलेल्या सगळ्या कबरींची यादी करा, नव्या छापील तक्त्यात भरा आणि दोन महिन्यांत पाठवा.

आमच्याकडे जागा कुणालाच कायमची मिळत नाही, हे लोकांना माहीत असतं, फक्त त्या दिवशी लक्षात नसतं. मोठ्या माणसाला वीस वर्षं. मग घरच्यांना नोटीस जाते, मुकादम आणि त्याची माणसं कबर उघडतात, हाडं वेचून पिशवीत भरतात, पिशवीला पत्र्याचा नंबर बांधून मागच्या कोठीत ठेवतात, आणि जागा पुढच्याला. लहान मुलांना आठच वर्षं, कारण त्यांचं मातीत फारसं काही उरत नाही. लहान कोण आणि मोठं कोण हे पेटीच्या लांबीवर ठरतं. चार फुटांच्या आत ते लहान. नियम माझ्या आधीपासूनचा आहे. टेप धरण्याचं काम माझं.

माझ्या नोंदवहीत एकही खाडाखोड नाही. साहेब बदलले, शाई बदलली, माझा चष्मा तीनदा बदलला, पण वहीत एक रेघ मारलेली सापडणार नाही. ही (म्हणजे बायको) म्हणते, एवढा अभिमान पोराबाळांचा असतो लोकांना. म्हणू दे. तिचं काम बोलायचं, माझं लिहायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार म्हणजे मावशींचा वार. अठ्ठ्याहत्तरच्या पुढे असतील. भाच्याकडे राहतात, दोन बस बदलून येतात. मुलीची कबर पाचव्या ओळीत, भिंतीजवळ. दगड नाही, सदाफुलीचं एक झुडूप आहे, तीच खूण. आल्या की माझ्या खिडकीशी थांबून पाण्याची बाटली भरून घेतात आणि "भाऊ, जिवंत आहात का?" असं विचारतात. मी म्हणतो, "वहीत तरी अजून नाव नाही, मावशी." तेरा वर्षं हाच विनोद. दोघांनाही तो पुरतो.

हल्ली कबरीशी जेमतेम पाच मिनिटं थांबतात. मग परत येऊन फाटकाजवळच्या बाकावर तास-दीड तास बसतात. गुडघे गेलेत, दुसरं काय. हा बाक मुकादमने चार-साडेचार वर्षांपूर्वी कुठूनसा आणून ठेवला, मला न विचारता, आणि तोही अगदी वाटेच्या तोंडाशी, उन्हात. त्याला सावलीतल्या तीन जागा दाखवल्या होत्या. पण मुकादम म्हणजे मुकादम, ऐकेल तर शपथ. मावशी मात्र त्याच बाकावर बसतात. चपला काढून, पाय मातीवर ठेवून. उरलेलं अर्धं पाणी तिथेच ओततात. "तिकडे अर्धी बाटली, इकडे अर्धी," म्हणतात. बाटली रिकामी नेली की ओझं कमी, असा हिशेब असावा.

आज मुलीबद्दल बोलल्या. मुलगी घड्याळं दुरुस्त करायची. लहानपणीच्या दुखण्याने उंची वाढली नाही, दुकानात उंच खुर्ची करून घेतली होती, बाजारात सगळे तिला 'घड्याळवाली' म्हणायचे. "बसमध्ये कंडक्टर तिला न विचारता अर्धं तिकीट द्यायचा," मावशी म्हणाल्या. "ती परत करायची. पूर्ण द्या, मी मोठी आहे म्हणायची. कंडक्टर बदलला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी म्हटलं, अगं घे ना, कुणाला कळतंय! तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

मी हसलो. छान गोष्ट आहे म्हणून इथे लिहून ठेवली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नव्या तक्त्यात वयाचा रकाना आहे. माझ्या वहीत वय नाही, फक्त लांबी. वय डॉक्टरांच्या दाखल्यावर असतं, आणि दाखल्यांचे गठ्ठे माळ्यावर. म्हणजे एकेक गठ्ठा काढा, धूळ झटका, शिंका, नंबर जुळवा, वय उतरवा. ज्या कुणी हा रकाना काढला त्याला एक दिवस माझ्या शिडीवर चढवायला हवा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काय लिहू?

जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी तेरा वर्षांपूर्वीचा गठ्ठा सोडला. पाचवी ओळ, भिंतीकडून दुसरी. वहीत माझंच अक्षर. 'लांबी तीन फूट दहा इंच. लहान. मुदत आठ वर्षं.' दाखल्यावर: 'वय बत्तीस.'

मला वाटलं दाखला चुकून दुसऱ्याचा आलाय. नंबर परत जुळवला. मग खिडकीतून बघितलं, तर भिंतीशी सदाफुली.

पुढचं मी वहीतच वाचलं, सगळं माझ्याच हातचं. आठ वर्षं भरली. नोटीस गेली, जुन्या पत्त्यावर. 'येथे राहत नाहीत' म्हणून परत आली. मावशी तोवर भाच्याकडे गेल्या होत्या. पंधरा दिवस फाटकावरच्या फळ्यावर नंबर लावला. त्या वर्षी त्या कमरेच्या दुखण्याने सात-आठ महिने अंथरुणावर होत्या, त्यांना कुठला फळा दिसतोय. 'जागा मोकळी केली.' आणि लगेच खाली: 'बेवारस पुरुष, इस्पितळातून. पाच फूट सात इंच.'

म्हणजे गेली साडेचार वर्षं मावशी एका परक्या पुरुषाच्या उशाला पाणी घालताहेत.

आणि आता आठवतंय. दुखण्यातून उठून पहिल्यांदा आल्या तेव्हा खिडकीशी थांबल्या होत्या. "भाऊ, तिच्यावरची माती नवी दिसते." मी मान वर न करता म्हणालो होतो, "खचलेल्या कबरींवर घालतो आम्ही भर." आम्ही घालतो, हे खरं आहे. पण मी उठून बघितलं नाही. दहा पावलं होती.

तेरा वर्षांपूर्वी टेप धरला तेव्हा माझ्यासमोर एक बाई उभी होती, रडत होती, आणि मी तिला एक शब्द विचारला नाही. पेटी बघितली, आकडा लिहिला. अर्धं तिकीट फाडलं.

जेवण गेलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मुकादमला गाठलं. तो नळावर फावडी धूत होता. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, निवृत्तीनंतरही बोलावून ठेवलेला, कारण कुठे काय पुरलंय ते वहीपेक्षा त्याला जास्त ठाऊक.

"पाचवी ओळ, भिंतीकडून दुसरी. साडेचार वर्षांपूर्वी उघडली होती. आठवतंय?"

तो फावडं धूतच राहिला. "आठवतंय."

"त्यातली हाडं कुठल्या पिशवीत आहेत? कोठीतला नंबर सांग."

"पिशवी नाही, भाऊसाहेब. कागदावर लहान होतं. लहानांची हाडं आपण वेचत नाही. माती काढायची आणि भरावाला टाकायची, हेच चालत आलंय."

"हाडं लागली नाहीत तुला?"

"लागली," तो म्हणाला. "पण पिशवीला नंबर तुम्ही देता. तुम्ही दिला नव्हता."

मला राग आला, आणि राग कशाचा ते कळेना. "भराव कुठे टाकला त्या वर्षी?"

त्याने हातातल्या फावड्याने दाखवलं. "फाटकाशी. पाणी साचायचं ना तिथे. बाक आहे बघा, तो सगळा पट्टा."

बाक. चपला काढून, पाय मातीवर ठेवून. त्या म्हातारीला बिचारीला काय माहीत आपण कशावर बसतो!

मुकादम काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलं, मिटलं, आणि दुसरं फावडं घेतलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मावशी आल्या. "भाऊ, जिवंत आहात का?" मी वहीचा विनोद केला नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी खिडकीतून माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "तोंड का उतरलंय? काही सांगायचंय का?"

"कामाचा ढीग पडलाय, मावशी. याद्या करायच्यात."

"असं होय. ढीग उपसला की सांगा."

बाटली भरून घेऊन गेल्या. मी खिडकी लावून घेतली. धूळ येते, असं शिपायाला सांगितलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हिला सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

हिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गुरुवारी सांगून टाका."

"अगं, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. ऐकून जागच्या जागी जायची. आता तिच्याकडे उरलंय काय? एक झुडूप. तेही काढून घेऊ? झाकली मूठ राहू दे की."

"मूठ कुणाची झाकताय?"

"म्हणजे?"

"तुम्हाला तिची काळजी नाही. वहीची आहे."

बायको म्हणजे आरसा, असं कोण म्हणालं होतं कुणास ठाऊक. आरसा निदान गप्प असतो. मी चिडून उठलो. खरं तर तिला यातलं काय कळतं? मी त्या बाईला तेरा वर्षं ओळखतो. न सांगण्यात दया आहे. मी हे शांत डोक्याने लिहितोय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज मीच बाकाजवळ गेलो. सांगेन असं मनात होतं, निदान सुरुवात करीन. पण त्या बाकावर बसायला पाय धजेना, म्हणून उभाच राहिलो.

मावशींनीच विषय काढला. "भाऊ, माझी मुदत किती लावाल?"

"आत्ता कशाला तो विषय?"

"विचारते आपली. डॉक्टर तोंड वाकडं करतात हल्ली, म्हणून."

"मोठ्यांना वीस वर्षं, मावशी."

"एवढी? मला एवढी नको. लहानांची लावा की, आठ. मीही आता आखडलेय."

"किती आखडलात तरी तुमची पेटी चार फुटांत बसायची नाही."

"गुडघे मुडपून घाला. जिवंतपणी कुरकुरतात, तेव्हा थोडेच कुरकुरणार आहेत!" स्वतःच हसल्या. मग पाय उचलून मातीवर हलकेच टेकवले आणि म्हणाल्या, "आणि आठ वर्षांनी माझी माती काढाल, ती इथे टाका. फाटकाशी. इथे बरं वाटतं मला."

किती सहज बोलल्या, आणि शब्द नेमके तेच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्या पुढे काही बोलायची वाट बघत असल्यासारख्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "ऊन वाढलंय, मावशी, जपून जा."

नाही जमलं.

४ मार्च, मंगळवार

चार रात्री झोप नाही. डोळे मिटले की तो बाक दिसतो. एका आईने आपल्याच मुलीच्या मातीवर बसून पाय हलवावेत, लोकांनी त्यावरून ये-जा करावी, सायकली न्याव्यात, थुंकावं! माती जागची हलवता येत नाही. पण निदान झाकता तर येईल.

आज साहेबांना टिपणी लिहून दिली. 'फाटकाजवळील पट्ट्यात चिखल व धूळ होत असल्याने तेथे सिमेंटचे ब्लॉक बसवावेत.' टिपणी चांगली उतरली. साहेब म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी कामाचं काहीतरी सुचवलंत."

माती झाकली जाईल, बाक भिंतीजवळ सावलीत जाईल, मावशी तिथे बसतील. कुणाला काही कळणार नाही आणि कुणाचा अवमानही होणार नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदा घास गोड लागला.

मुकादमला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ब्लॉक कशाला? आहे ते बरं आहे. बाक राहू द्या तिथं."

"तुला काय अडचण आहे?"

"अडचण मला नाही," तो म्हणाला, आणि गेला. याला न विचारता काही केलं की असंच.

६ मार्च, गुरुवार

मावशी आल्या. सांगितलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

मावशी आल्या. रंग पांढरा पडलाय. भाच्याने आणून सोडलं, दोन तासांनी न्यायला आला. "भाऊ, ढीग उपसला का?" "उपसतोय." सांगितलं नाही.

मुकादम सोमवारपासून चार दिवस सुट्टीवर जाणार. भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन.

१८ मार्च, मंगळवार

मंजुरी आली आणि लगेच कामही सुरू झालं. आमच्याकडे असं कधी होत नाही. ठेकेदाराची माणसं सकाळीच हजर. मला वाटलं होतं, वरून ब्लॉक बसवून मोकळे होतील. पण खाली खडी लागते म्हणे, नाहीतर ब्लॉक खचतात. मशीनने दीड-दोन फूट माती खरवडून काढली. तीन डंपर भरले.

मी फाटकापाशी उभा होतो. मशीनचा पंजा खाली गेला की मी दुसरीकडे बघत होतो. एकदा ड्रायव्हरला म्हणालो, "जरा सावकाश." तो म्हणाला, "मातीच आहे, साहेब."

माती कुठे नेणार ते विचारलं. "जिथे भर पाहिजे तिथे." बरोबर आहे. भराव होता, भरावाला गेला. मनाशी म्हटलं, आता तिथे काही नाही. म्हणजे प्रश्नच मिटला.

हिला सांगितलं नाही.

२० मार्च, गुरुवार

भाच्याने मावशींना फाटकाशी उतरवलं आणि तो गाडी लावायला गेला. मी खिडकीतून बघत होतो. त्या आत आल्या आणि उभ्या राहिल्या. एका बाजूला ब्लॉकचा ढीग, दुसरीकडे खडी, मधे तो खरवडलेला पट्टा. बाक भिंतीशी नेलेला.

मी धावत गेलो. "मावशी, इकडून या. तुमच्यासाठी बाक सावलीत ठेवलाय."

त्या हलल्या नाहीत. "हे कुणी करायला सांगितलं?"

"मीच टिपणी दिली. चिखल होत होता."

"चिखल नव्हता हो," त्या म्हणाल्या.

मग विचारलं, "माती कुठे आहे इथली?"

"डंपरने नेली."

"कुठे?"

"ते ठेकेदाराला माहीत, मावशी. कुठेतरी भर घालायला."

त्यांच्या हातात भरलेली बाटली होती. घरूनच भरून आणली होती आज. त्या खाली बसल्या, तिथेच, खडीच्या ढिगाशी. मी हात धरायला गेलो तर माझा हात त्यांनी बाजूला केला. रागाने नाही. फांदी बाजूला सारतात तसा. थोडा वेळ खडी चाचपत राहिल्या. बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं.

भाचा आला तेव्हा दोघांनी मिळून त्यांना उठवलं. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता वीस वर्षं लावलीत तरी चालतील."

म्हातारपण. मागचं बोलणं कुठल्या कुठे जोडतात. कबरीकडे आज त्या गेल्याच नाहीत.

२१ मार्च, शुक्रवार

मुकादम कामावर आला. फाटकाशी उभा राहिला, किती वेळ कोण जाणे. मी "भावाचा डोळा कसा आहे?" विचारलं तर माझ्या बाजूने निघून गेला. त्याला न विचारता काम केलं म्हणून मान दुखावलाय. दोन दिवसांनी ठिकाणावर येईल.

२७ मार्च, गुरुवार

मावशी आल्या नाहीत. मुकादम अजून बोलत नाही.

ब्लॉक बसवून झाले. लाल आणि राखाडी, एकाआड एक.

३ एप्रिल, गुरुवार

आल्या नाहीत. खिडकी उघडी ठेवली होती.

पुढच्या गुरुवारी आल्या तर सांगेन. हे इथे लिहितोय म्हणजे माझ्यावर बंधन राहील. 'मावशी, माझी चूक झाली', एवढंच वाक्य. मग त्या काय बोलतील ते बोलोत.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी अकराला भाचा आला. एकटाच. हातात दाखला. मी तो वाचायच्या आधीच ओळखलं.

"काल पहाटे गेली मावशी. त्या दिवसापासून अंथरूण सोडलंच नाही तिने."

जागा विचारली. सातवी ओळ दिली. तो म्हणाला, "मुलीजवळ नाही का जमणार?" मी म्हणालो, मुदत, नियम, आजूबाजूला मोकळी नाही. भडाभडा बोललो. त्याने ऐकून घेतलं, बिचाऱ्याला घाई होती. जाता जाता म्हणाला, "मागे एकदा फाटकाजवळच्या मातीचं काहीतरी म्हणत होती. लिहून ठेव म्हणायची. मग परवा विचारलं, मावशी, काय लिहू? तर म्हणाली, राहू दे, आता तिथे कुणी नाही."

'कुणी नाही.' 'काही नाही' असं नाही म्हणाल्या.

१० एप्रिल, गुरुवार

गुरुवारीच आल्या. पेटीला टेप लावला. चार फूट अकरा इंच. दोनदा मोजलं.

सगळे गेल्यावर मुकादम माती ओढत होता. मी शेजारी उभा राहिलो.

"तिला माहीत होतं?"

तो थांबला. तीन आठवड्यांनी माझ्याकडे बघून बोलला. "दुखण्यातून उठून आली ना, तेव्हा तुमच्या खिडकीवरून सरळ माझ्याकडे आली. म्हणाली, भाऊंनी भर घातली म्हणून सांगितलं, पण झुडूप वीतभर सरकलंय. मुकादम, माझी मुलगी कुठे आहे? झुडूप मीच काढून परत लावलं होतं, मला खोटं बोलता आलं नाही, भाऊसाहेब. कागदावर लहान असलं तरी हाडं हातात आल्यावर मला कळलं होतं. मी ती भरावात फेकली नव्हती. माझ्या पंच्यात बांधली आणि फाटकाशी एका जागी पुरली. वर बाक ठेवला, म्हणजे कुणाचा पाय पडणार नाही. तिला तिथं नेऊन दाखवलं."

"मला का नाही सांगितलंस? मी विचारलं तेव्हा?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, त्यांना माहीत नसेल तर कळू देऊ नका, जिवाला लावून घेतील. आणि माहीत झालं तर सांगतीलच आपणहून. तुम्ही मला विचारलंत ना, त्याच्या पुढच्याच गुरुवारी तिने ओळखलं. खिडकीवरून थेट माझ्याकडे आली. म्हणाली, कळलंय त्यांना. आता सांगतील."

मी फाटकाशी बसवलेल्या ब्लॉककडे बघितलं.

"दर गुरुवारी जाताना विचारायचो मी. बोलले का? ती म्हणायची, अजून नाही. ढीग उपसताहेत."

पाच गुरुवार. मी मोजले. मला दया आली म्हणून मी तिला सांगितलं नाही, असं मी याच डायरीत लिहिलंय, शांत डोक्याने. आणि ती मला सांभाळत होती. माझी वाट बघत होती. मी काय केलं, तर मशीन आणलं.

"ती माती कुठे गेली, शोधता येईल?" मी विचारलं.

"ठेकेदाराकडे जाऊन आलो मी, त्याच आठवड्यात," मुकादम म्हणाला. "तीन डंपर तीन ठिकाणी गेले. दोन ठिकाणी वरून डांबर झालंय. तिसरं त्याला आठवत नाही."

मग तो परत माती ओढू लागला. मीही एक फावडं घेतलं. त्याने नको म्हटलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

हिला सगळं सांगितलं. मला वाटलं, बोलेल. बोलावं असं वाटत होतं. ती डोळे पुसत राहिली. मी म्हणालो, "साहेबांना लेखी देतो. भाच्याला सांगतो."

"द्या," ती म्हणाली. "पण ज्यांना सांगायचं होतं त्या गेल्या."

ऑफिसात जाऊन वही काढली. आधी सातव्या ओळीतली नवी नोंद. चार फूट अकरा इंच, मोठी, मुदत वीस वर्षं. हसत हसत आठ मागितली होती त्यांनी, आणि मला ती गंमतच वाटली. आठ लिहिली असती. पण आठ वर्षांनी निघालेली माती टाकायची कुठे? फाटकाशी आता माझे ब्लॉक आहेत. चांगले बसलेत. साहेब परवाच म्हणाले, दहा वर्षं बघायला नको.

मग तेरा वर्षांपूर्वीचं पान उघडलं. 'लहान' या शब्दावर रेघ मारली. एकतीस वर्षांतली पहिली. मला वाटलं होतं हात अडखळेल, पण अडखळला नाही. वर लिहिलं, 'मोठी. वय बत्तीस.' मुदत आठ होती ती खोडून वीस केली, बाजूला सही आणि आजची तारीख. मुदत संपायचा दिवस नव्याने काढून लिहिला.

त्या हिशेबाने ती अजून सात वर्षं पाचव्या ओळीत, भिंतीकडून दुसरी, आपल्या जागी आहे.